दुकानात गोड वाजणारे स्पीकर घरी घुमतात, अँप्लिफायर बदलू का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की खोली चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे, स्पीकर टीव्हीच्या बाजूंना दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. खर्जातले काही सूर छातीवर बसतात, काही ऐकूच येत नाहीत, आणि गाण्याचे शब्द पुसट होतात. यात अँप्लिफायरचा दोष मला कुठे दिसत नाही. सोफ्याचा दिसतो.

आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे 43 हर्ट्झच्या, सेकंदाला 43 कंपनांच्या, सुराची एक लाट आठेक मीटर लांब. तुमच्या चार मीटरच्या खोलीत तिची बरोबर अर्धी लाट मावते, आणि मग ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटत खोलीत ठाण मांडते. भिंतीजवळ ती सगळ्यात जोरात आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीच. रुंदीच्या बाजूनं हाच खेळ 57 हर्ट्झला चालतो. तुम्ही बसता भिंतीला डोकं टेकून, म्हणून 43 अंगावर येतो. आणि बसता सोफ्याच्या मधोमध, म्हणून 57 हरवतो. एकाच जागी एक सूर जास्त आणि दुसरा गायब, तो असा.

खरं वाटत नसेल तर फोन या स्पीकरांना जोडा, त्यावर एकच सूर (टोन) वाजवणारं एखादं ॲप घ्या, 43 हर्ट्झ लावा (आवाज बेताचाच, छोट्या वूफरची, म्हणजे स्पीकरमधल्या खर्जाच्या पडद्याची, या सुरात दमछाक होते) आणि सोफ्यावरून उठून हळूहळू पुढे चालत जा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा भिंतीपाशी कपाटाची काच थरथरत होती, आणि चार पावलं पुढे आलो तर सूर असा गेला की वायर निसटली समजून मी बघायला गेलो. त्याआधी मी जाडजूड, महागड्या वायरी आणून झाल्या होत्या, ते जाऊ दे.

तेव्हा आधी सोफा हलवा. मागच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे दीड मीटरवर, बसून ऐकायला सुरुवात करा असं बरेच जण सांगतात. तेवढं पुढे येणं घरात कोणी चालवून घेणार नाही, हे मलाही कळतं. अर्धा मीटर आलात तरी फरक कळेल. फक्त बरोबर मध्यावर बसू नका.

मग स्पीकर. कोपरा म्हणजे खर्जासाठी कर्णाच. जवळची प्रत्येक भिंत खालच्या सुरांत 6 डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) भर घालू शकते, आणि तुमच्या दोन्ही स्पीकरांना मागची आणि बाजूची अशा दोन-दोन भिंती मिळाल्यात. त्यांना बाहेर ओढा. पण इथेही एक मेख आहे: मागच्या भिंतीवरून परतणारी लाट एका सुराला नेमकी उलटी येऊन भिडते आणि तो सूर खाते. स्पीकरचं तोंड भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर हा खड्डा 143 हर्ट्झच्या आसपास पडतो, एक मीटरवर असेल तर 86 च्या. निर्दोष अंतर असं नसतंच. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर एकसारखं ठेवू नका, म्हणजे दोन खड्डे एकावर एक पडत नाहीत. बाकी हातभर इकडे, हातभर तिकडे करत कानानं ठरवा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण झाला आणि ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा पडदा, कानाच्या उंचीला आला की पुरे.

शब्दांच्या पुसटपणाचं कारण वेगळं. खोलीत एक टाळी वाजवून बघा. मागोमाग तडतड ऐकू आली तर मोकळ्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. तुम्ही जागेवर बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट येऊ द्या. मधल्या जमिनीवर गालिचा टाका. वॉलेस सबाइन नावाच्या प्राध्यापकानं 1895 नंतर हार्वर्डमध्ये हेच केलं होतं: नव्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, म्हणून तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून अंथरायचा आणि घड्याळ लावून मोजायचा.

मात्र गाद्या-पडद्यांनी खर्ज आवरत नाही. आठ मीटरच्या लाटेला बोटभर जाडीचा फोम जाणवतही नाही. अंड्यांचे ट्रे तर भिंतीवर अजिबात लावू नका, दिसतातही वाईट.

सोफा हलणारच नसेल तर इक्वलायझरनं, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या सोयीनं, 43 चा फुगवटा 5-6 डेसिबल खाली घ्या, त्यानं बराच आराम पडेल. 57 चा खड्डा भरायला जाऊ नका: 6 डेसिबल वाढवायला चौपट ताकद लागते, आणि तीही त्याच खड्ड्यात जाते.

पुढे कधी सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, घेतलात तर तो आधी सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं एखादं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेनं रांगत ऐका. खर्ज जिथे सगळ्यात सारखा लागेल तिथे सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या.