चार महिन्यांत हनुवटीवर दाट केस, पाळी बंद आणि आवाज घोगरा. पीसीओएसच (ओव्हरीचा हार्मोनचा बिघाड) असेल की अ‍ॅड्रिनलची (किडनीवरच्या ग्रंथीची) गाठ? पुण्यात कोणाला दाखवू?

आवाज बदललाय, म्हणून पीसीओएस गृहीत धरू नका. अ‍ॅड्रिनल किंवा ओव्हरीची गाठ नाही ना, हे आधी तपासा. पुण्यात एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या) ओपीडीत काम करते, तिथे शंका येते ती वेगामुळे. पीसीओएस वयात येतानापासून हळूहळू वाढतो आणि त्यात आवाज सहसा बदलत नाही. गाठ काही महिन्यांतच सगळं पालटवते: कपाळावरून टक्कल, क्लिटोरिस मोठं होणं (हे बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, तुम्ही सांगा). सोबत चेहरा सुजल्यासारखा गोल किंवा बीपी वाढलं असेल तर गाठ कॉर्टिसोलही (ताणाचं हार्मोन) सोडत असू शकते.

रक्तात टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), डीएचईए-एस (मुख्यतः अ‍ॅड्रिनलमधून येणारं पुरुषी हार्मोन), १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (अ‍ॅड्रिनलचा जन्मजात दोष ओळखायला) आणि कॉर्टिसोलची डेक्सामेथासोन टेस्ट (गोळी घेतल्यावर कॉर्टिसोल कमी होतं का ते बघणारी) लागते. पीसीओएसच्या पॅकेजमध्ये हे सगळं असेलच असं नाही, चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्या. टेस्टोस्टेरॉन २०० नॅनोग्रॅम किंवा डीएचईए-एस ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की अ‍ॅड्रिनलचा सीटी स्कॅन, ओव्हरीची सोनोग्राफी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारून थांबवा, रिपोर्ट चुकतो.

मात्र हे आकडे म्हणजे निकाल नव्हे. काही गाठी फक्त टेस्टोस्टेरॉन सोडतात, डीएचईए-एस नॉर्मलच येतं. तेव्हा रिपोर्ट बरा आला तरी लक्षणं वाढत असतील तर स्कॅनचा आग्रह धरा. अशा गाठी दुर्मीळ, पण त्यातल्या काही कॅन्सरच्या निघतात. एंडोक्रायनॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घ्या, केस काढायच्या लेझरचं नंतर बघू.