ब्लू-रे डिस्क घ्याव्यात का?

स्ट्रीमिंग असताना ब्लू-रे डिस्क (चित्रपट उच्च दर्जात साठवलेली, डीव्हीडीसारखी चकती) विकत घ्याव्यात का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो, पण निवडक’ असे आहे. जो चित्रपट तुम्ही पुन्हा पुन्हा पाहणार आहात त्याचीच डिस्क घ्या; एकदाच पाहायच्या चित्रपटासाठी स्ट्रीमिंग पुरेसे आहे.

फरक पाहायचा तर एखादा अंधारा प्रसंग लावा. कंदिलाच्या उजेडातली खोली स्ट्रीमिंगवर पाहताना भिंतीवरच्या सावलीत पट्टे आणि चौकोन उमटतात, कारण चित्राची माहिती फार दाबून पाठवलेली असते; ५० जीबीच्या ब्लू-रेवर मात्र तीच सावली सलग गडद होत जाते. बहुतेक डिस्कवर आवाजही काहीही न गाळता दिलेला असतो, आणि माझ्या मते हा लाभ चित्रापेक्षा मोठा आहे, मात्र टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तो फारसा जाणवणार नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका अशा:

- प्लेअर न तपासता डिस्क घेणे. ४के (साध्या ब्लू-रेपेक्षा चौपट ठिपक्यांचे, अधिक बारकाव्याचे चित्र) डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही.
- रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो गट, न पाहता परदेशातून मागवणे. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ गटात, अमेरिका ‘ए’ गटात आणि युरोप ‘बी’ गटात येतो, त्यामुळे पाकिटावरचे अक्षर आधी वाचा. ४के डिस्कना हे बंधन सहसा नसते.
- लहान टीव्ही लांबून पाहत असताना थेट ४केवर खर्च करणे.

एचडीआरचा (चित्रातला उजेड-अंधार आणि रंग अधिक खुलवणाऱ्या तंत्राचा) विचार तूर्त बाजूला ठेवा. आवडत्या दोन चित्रपटांच्या साध्या ब्लू-रे आणा आणि दिवे मालवून पाहा.