खेळ मधेच थांबव

तुझं पत्र दोनदा वाचलं. तास रंगला, घंटा झाली तरी मुलं उठेनात, आणि मुख्याध्यापकांनी ‘शिकली काय?’ असं विचारल्यावर तुला उत्तर सुचेना. आता व्हिडिओ गेम वर्गात आणावाच का, हा घोळ तुझ्या डोक्यात चाललाय. आणावा. त्यावर मी शाई खर्च करत नाही. तुझं चुकलं ते वेगळंच. अख्ख्या तासात तू खेळ एकदाही थांबवला नाहीस.

माझंही नेमकं हेच चुकलं होतं. नागरिकशास्त्राच्या तासाला मी सिमसिटी हा शहर वसवायचा खेळ लावला, विल राइट यांचा, १९८९चा पहिला. वस्ती, व्यापार, कारखाने यांना जागा नेमून द्यायच्या, वीज पोचवायची, कर ठरवायचा. एका मुलाला शोध लागला की रस्ते न करता नुसते रूळ टाकले तर कोंडी होत नाही, प्रदूषणही घटतं. त्याने सगळं शहर रुळांवर उभं केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढे चाचणीत त्याने लिहिलं, ‘शहरात रस्ते बांधणं ही चूक आहे.’ मी पैकीच्या पैकी गुण दिले. इतकं ठाम उत्तर होतं ते!

शहराबद्दल तो काही शिकलाच नव्हता. खेळ रचणाऱ्याने हिशेब कसा मांडलाय, तेवढं त्याने अचूक हेरलं होतं. त्या खेळात घराला रूळ लागला की झालं, पुढे माणूस दारापर्यंत कसा जातो हा प्रश्नच नाही. हे त्याला विचारायचं काम माझं होतं. मी टाळ्या वाजवत बसले.

म्हणून म्हणते, खेळ थांबव. आणि विचार, ‘हा नियम जगाचा, की खेळ रचणाऱ्याचा?’ सिमसिटीमागे एमआयटी या अमेरिकी संस्थेतले प्राध्यापक जे फॉरेस्टर (Jay Forrester) यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या शहराच्या गणिती प्रतिमानाची प्रेरणा होती. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलंय की कर वाढला की लोक निघून जातात. मुलांना ते निसर्गनियमासारखं वाटतं. वाटू देऊ नकोस.

ऑरेगन ट्रेल या खेळाची गोष्ट लक्षात ठेव. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला गाड्यांतून निघालेल्या लोकांची ही वाट, खेळात तोच प्रवास करायचा. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक इतिहास शिकवत होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या सोबत्यांच्या मदतीने त्याने तो खेळ वर्गासाठीच तयार केला. पडदा नव्हता, टेलिटाइप यंत्र एकेक ओळ कागदावर छापायचं. १९७४च्या सुमारास त्याने तो पुन्हा मांडला, तेव्हा त्या वाटेवरच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचून कोणतं संकट किती वेळा यावं हे ठरवलं. कोणता आकडा कुठून आला, हे त्या मास्तराला ठाऊक होतं. शिवाय पुढची ओळ छापून येईपर्यंत मुलांना वाट बघावीच लागे. तेव्हा थांबणं यंत्रातच होतं. आजच्या खेळात ते नाही, ते तुलाच आणावं लागणार.

कसं, ते सांगते. आधी स्वतः खेळ. घरी, पूर्ण. थांबायच्या जागा हेरून ठेव. मुलं हरली की आपण आपसूक थांबतो. जिंकली की थांबणं जड जातं, आणि खरी गरज तिथेच असते. डाव जतन कर. एकच गोष्ट बदल : कर सातवरून वीस टक्के. कळ दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, काय होईल आणि का. मग चालू कर. अंदाज चुकलेल्यांना आधी बोलू दे. ‘वेळ कुठाय’ असं मला लिहू नकोस. अर्धाच खेळ खेळव.

सहकारी मला म्हणायचे, तुम्ही मुलांचा विरस करता. करतेच. रंगात आलेला डाव थांबवला की मुलं चिडतात, आणि त्या चिडीत ती जे बोलतात त्यात खेळाच्या आतलं यंत्र उघडं पडतं. त्या मुलाला मी तेव्हा चिडू दिलं असतं तर बरं झालं असतं. आजही ती उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर येते.

पुढच्या तासाला थांबवशील तेव्हा पहिली तक्रार कुणी आणि कोणत्या शब्दांत केली, ते जसंच्या तसं लिहून पाठव.

तुझी,
बाई