उघड्या गच्चीवरच्या सागवानी डेकला कोणतं वार्निश मारावं?

संभाजीनगरला उघड्या गच्चीवर सागवानी डेक, दोन उन्हाळ्यांतच वार्निशचे पापुद्रे निघाले, आता कोणतं भारी वार्निश मारू, असं तुम्ही विचारलंय. कोणतंच मारू नका. 'अजून एक हात मारू' हे पेंटरचं ठरलेलं उत्तर असतं आणि यावरून माझे त्यांच्याशी कायम वाद होतात.

लातूरला एका बंगल्याच्या डेकवर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन वार्निशचे, तीन हात होते. वरून फळ्या चकचकीत, कापलेली टोकं मात्र कोरडी सोडलेली. लाकडाच्या नळ्या टोकालाच उघड्या असतात, पाणी तिथूनच शिरलं. त्यात आपला एप्रिल-मे इतका कोरडा की फळी आक्रसते, जुलैत तीच फुगते. वरचा कडक थर तेवढा ताणत नाही, तडकतो. तडकलेल्या जागी गेलेल्या पाण्याला परत यायला वाट नसते, खाली लाकूड काळं पडतं. शिवाय पारदर्शक थरातून ऊन आत पोचतं, लाकडाचा वरचा पदर कमकुवत करतं आणि थराची पकड सुटते. चौथ्या हातानं यातलं काय थांबणार होतं?

जुना थर पूर्ण काढा: आधी 60 नंबरचा पॉलिश पेपर, मग 80. शंभराच्या पुढे नको, गुळगुळीत लाकूड तेल पीत नाही. तारेचा ब्रश तर अजिबात नको, लोखंडाचे कण अडकून पावसात काळे ठिपके उठतात. आधीचे डाग असतील तर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून. नंतर भरपूर पाण्यानं धुऊन फळ्या खडखडीत वाळू द्या.

मग लाकडात मुरणारं, बाहेरच्या वापराचं, रंग असलेलं वुड ऑइल. ऊन तो रंगच अडवतो. सावलीत पातळ हात द्या, 15-20 मिनिटांनी न मुरलेलं पुसून घ्या, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. टोकांना पितील तेवढं पाजा. पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा.

'घाण्याचं जवसाचं तेल लावा, वाड्याचे दरवाजे त्यावरच टिकले' असंही कुणीतरी सांगेलच. ते दरवाजे देवडीत होते, पावसाच्या माऱ्यात नव्हते! कच्चं तेल उघड्यावर कितीतरी दिवस चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

दरवर्षी पावसाळ्याआधी पाणी शिंपडून बघा. थेंब उभे न राहता मुरले तर नुसतं धुऊन, वाळवून पुन्हा एक हात. खरवडायची गरज नाही. आणि हो, डेकवर पक्कं छप्पर असेल तर पीयू चालेल, फक्त टोकं आधी बंद करा.