उत्तर: बाबा संध्याकाळचा चहा का नको म्हणतात, ते आधी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. बंगल्यातलं १२-१४ जणांचं, वृद्धांना सांभाळणारं छोटं घर, मालकीणबाई बोलायला गोड, जेवण चांगलं, स्वच्छता चांगली, बाबांना पंधरा दिवस ट्रायलवर ठेवलंय आणि आता डिपॉझिट भरायचं का, असं विचारलंय तुम्ही. बाकीच्यांनी फायर एक्झिट, सीसीटीव्ही, रॅम्प वगैरे सगळं सांगितलंच आहे, ते मी परत लिहीत नाही. पण तुम्ही शेवटी सहज एक वाक्य टाकलंय ना, "बाबा आयुष्यभर चहाबाज, पण तिथे संध्याकाळचा चहा नको म्हणतात, बाकी काही तक्रार नाही", त्यावर कुणीच काही बोललं नाही. माझ्या पोटात मात्र तिथेच गोळा आला.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, वकील नाही, माझा अनुभव दोन घरांचा, दोन्ही पुण्यातली. तुमच्या बाबांच्या चहाचं कारण अगदी साधंही असेल, दूध पावडरचं असेल, साखर कमी असेल. तरी वाचा.

माझी आई तेव्हा ८१ ची. मी ठाण्याला, भाऊ अमेरिकेत, आईला पुणे सोडायचं नव्हतं. चांगली हिंडतीफिरती होती, वॉकर घेऊन, फक्त बाथरूमला जाताना कुणीतरी बरोबर लागायचं कारण आधी एकदा घरी पडली होती. आम्ही सात-आठ ठिकाणं बघून अगदी तुमच्यासारखंच एक निवडलं, बंगला, अंगणात पारिजात, १३ आजी-आजोबा, "घरगुती वातावरण". हा शब्द आता ऐकला तरी माझं डोकं फिरतं, पण ते पुढे.

पहिले तीन महिने छान गेले. मी दर दुसऱ्या रविवारी जायचे, सकाळी ११ च्या सुमारास. आणि जायच्या आधी फोन करून जायचे. त्यांनीच सांगितलं होतं, "येण्याआधी कळवा, म्हणजे आजी तयार असतात". मला ते सभ्यपणाचं वाटलं. आपल्याकडे कुणाच्या घरी न सांगता जात नाहीत ना, तसंच. ही माझी चूक नंबर एक, पण ही नव्हे खरी. खरी सांगते.

आईच्या उशाशी एक स्टीलची पाण्याची बाटली असायची, मीच दिलेली, लिटरची. मी प्रत्येक वेळी गेले की ती भरलेली. आणि मी प्रत्येक वेळी आईला रागवायचे. "आई, पाणी पीत जा गं, किती वेळा सांगायचं, लहान मुलासारखं करतेस." ती नुसती हसायची. एकदा म्हणाली, "रात्री उगाच कुणाला उठवायचं". मी ऐकलं, आणि सोडून दिलं. मला वाटलं, आईचा स्वभाव, कुणाला त्रास नको. स्वभाव कसला, ती मला सरळ सरळ सांगत होती की इथे रात्री बाथरूमला न्यायला कुणी नाहीये, म्हणून मी दुपारी चारनंतर पाणी बंद केलंय. मी बाटली बघितली, "का" हे विचारलं नाही. यापेक्षा महागडी चूक मी आयुष्यात केलेली नाही.

नंतर कळलं ते असं. रात्री १३ जणांना एकच मावशी. दिवसा तीन असायच्या, शिवाय स्वयंपाकाची बाई, मालकीणबाई, म्हणून ११ वाजता सगळं भरल्यासारखं दिसायचं. रात्रीची मावशी तळमजल्यावर दाराशी झोपायची, आई पहिल्या मजल्यावर. बेल होती, ती बिनवायरची, बॅटरीवर चालणारी, आणि ती वाजायची खाली स्वयंपाकघरात. बॅटरी कधी संपली होती देव जाणे. सुरुवातीला आईने मारल्या एक-दोन हाका, तर मावशी वर येऊन म्हणाली, "आजी, आत्ताच तर जाऊन आलात". मग सुचवलं, रात्री डायपर लावू. आईने साफ नाही म्हटलं. सगळी शुद्ध असलेल्या, स्वतःच्या पायांनी जाऊ शकणाऱ्या बाईला डायपर का, तर तुमच्याकडे माणूस कमी म्हणून? तिने मुकाट्याने आपला मार्ग काढला, पाणी बंद, संध्याकाळचा चहा बंद, रात्रीचं ताकही बंद.

आणखी एक गंमत (गंमत कसली!). आईच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, डॉक्टरांनी ठळक "सकाळी" लिहिलेलं. तिथे सोयीसाठी बऱ्याच जणांच्या गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर एकदम वाटायचे, त्यात हीपण गेली. म्हणजे लघवीची गोळी रात्री नऊला, आणि न्यायला माणूस नाही. औषधांची फाइल मी पुढे आईला हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळेपर्यंत कधी उघडूनही बघितली नव्हती.

चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन यायला लागले, आजी असंबद्ध बोलतात, रात्री ओरडतात, आपण मुंबईला आहोत म्हणतात. मालकीणबाई म्हणाल्या, वय झालं, विस्मरणाची सुरुवात आहे, आमच्या डॉक्टरांनी शांत झोपेची गोळी दिलीये. मी हो म्हटलं. भावाला फोन करून रडले, की आईला डिमेन्शिया झाला. चार दिवसांनी आई उठेचना, तेव्हा हॉस्पिटलला हलवली. युरिन इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम घसरलेलं, अंगात पाणी नाही, त्यावर झोपेची गोळी. चार दिवस आयसीयू, एकूण नऊ दिवस. तिथली एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती, तिने पहिला प्रश्न हा विचारला, "या पाणी का पीत नव्हत्या?" जो मी पाच महिन्यांत विचारला नव्हता.

डोकं पूर्ण ताळ्यावर आलं आईचं, डिमेन्शिया वगैरे काही नव्हतं. पण नऊ दिवसांत पायातली ताकद गेली ती परत आली नाही, व्हीलचेअर आली.

तर हे लक्षात ठेवा, म्हाताऱ्या माणसात युरिन इन्फेक्शनला ताप असतोच असं नाही, लघवीला जळजळ सांगतीलच असंही नाही, एकदम दोन-चार दिवसांत बडबड, भास, गुंगी असं काही सुरू झालं तर "वय झालं" वर विश्वास ठेवू नका, लघवीची आणि सोडियमची तपासणी करायला लावा. विस्मरण महिन्यांनी, वर्षांनी येतं, आठवड्यात येत नाही. (परत, डॉक्टरांना विचारा, माझ्यावर जाऊ नका.)

आता तक्रारीचं. मी तेव्हा फार भडकले होते, म्हटलं बघतेच यांना. एका सरकारी कार्यालयात गेले, ते म्हणाले हे नर्सिंग होम नाही, आमच्या नोंदीत नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, ही संस्था ट्रस्ट आहे का, नाही ना, मग आमचा संबंध नाही. परत पहिल्या ठिकाणी. तिथले साहेब लंचला. साहेब आले तेव्हा अर्ज तीन प्रतींत हवा. तीन प्रती दिल्या तर सही-शिक्का द्यायला "उद्या या". मी ठाण्याहून येतेय हो, उद्या कशी येऊ! चार चकरा, हाती एक पोचपावती, तीही तारीख नसलेली. आपल्याकडे नर्सिंग होमला १९४९ चा नोंदणी कायदा आहे, धर्मादाय ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, पण तिथे मुख्यतः ट्रस्टचा कारभार आणि हिशेब बघतात, रात्री आजीला कुणी उठवलं का ते नाही. महारेराने (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारी राज्याची संस्था) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी सूचना काढल्या, त्या बिल्डरने बांधून विकायच्या घरांसाठी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलांनी सांभाळलं नाही तर आईवडील प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागायला जाऊ शकतात. पण मुलांनी महिन्याला पैसे मोजून जिथे ठेवलं तिथे सांभाळलं नाही तर? एका वकिलांनी सांगितलं की पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, ग्राहक आयोगात जाता येईल. खरं असेल, माझ्यात ताकद नव्हती उरली. म्हणून भिंतीवर "शासनमान्य" पाटी असली तर नेमकी कशाची मान्यता ते विचारा आणि कागद बघा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, मार्गदर्शन मिळतं, नंबर जवळ ठेवा.

बरं, तुमचं. माझं स्पष्ट मत, डिपॉझिट भरायच्या आधी एकदा रात्री साडेनऊला न सांगता जा. हातात काहीतरी घेऊन जा, औषध विसरलं होतं म्हणून, म्हणजे तुम्हालाही अवघड वाटणार नाही. दार कोण उघडतं, किती वेळाने उघडतं बघा. आत घेतलं नाही, "सकाळी या" म्हटलं, तर मी तरी तिथे ठेवणार नाही. काही जण म्हणतील इतरांची झोपमोड होते, सुरक्षेचं असतं, तेही बरोबर आहे, पण पोराला बापाच्या खोलीपर्यंत पाच मिनिटं जाऊ न देण्याचं ते कारण नाही. वर गेलात की बाबांच्या पलंगाजवळची बेल स्वतः दाबा आणि घड्याळ लावून बसा. आम्ही आईला नंतर हलवलं तिथे मी हेच केलं, दोन मिनिटांच्या आत एक मुलगा चपला न घालता पळत आला. जागा बघायला भिकार हो, ट्यूबलाइट, फाटका सोफा, बाग नाही काही नाही, २२ जण, पण रात्री तिघं ड्यूटीवर आणि एक वही, कुणाला किती वाजता बाथरूमला नेलं, कुणाची कूस बदलली, सगळं वेगवेगळ्या पेनांनी, वेड्यावाकड्या अक्षरात. वही एकाच पेनाने एकाच अक्षरात सुंदर लिहिलेली असेल तर ती सकाळी एका बैठकीत लिहिलीये असं समजा.

मालकांपेक्षा मावशींशी बोला. किती दिवस झाले इथे, शेवटची सुट्टी कधी घेतली, गावाला गेलात तर बदली कोण येतं. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून दर महिन्याला नवी बाई येत असेल तर तिला बाबांची सवय कशी कळणार? आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्याकडे बघून या, तुमचे बाबा आज चालते असले तरी. टाचा आणि माकडहाड, तिथे पडून पडून झालेल्या जखमा आहेत का एवढं विचारलं तरी चेहऱ्यावरून कळतं.

करारात दोन गोष्टी वाचा, हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर बरोबर कोण जाणार आणि नातेवाईक पोचेपर्यंत कोण थांबणार. आमच्या करारात लिहिलं होतं की नातेवाइकांच्या परवानगीशिवाय हलवणार नाही. म्हणजे माझा फोन सायलेंटवर असेल तर आई तशीच. तुम्ही आधीच लेखी देऊन टाका की आधी हलवा, मग फोन करा. डिपॉझिट परत कधी, किती कापून, तेही, पण ते तुम्ही बघालच, पैशाचं सगळे बघतात.

किरकोळ: बाबांना इन्सुलिन असेल तर टोचल्यावर ताट किती वेळात समोर येतं ते एकदा बसून बघा, सगळ्यांना रांगेने टोचून मग पाऊण तासाने वाढायला घेतात काही ठिकाणी, साखर धाडकन खाली जाते. कपड्यांवर, चष्म्याच्या घरावर, कवळीच्या डबीवर नाव घाला, आईची कवळी दोन दिवस दुसऱ्याच आजींच्या डबीत होती. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत न्यायची गरज नाही. ७० च्या वरच्यांना आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं ५ लाखांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता मिळतं, काढलं नसेल तर काढून ठेवा, फक्त जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात आहे ते आधीच शोधा, ऐनवेळी नाही.

त्या मालकीणबाई वाईट होत्या असं मी अजूनही म्हणणार नाही. आईच्या वाढदिवसाला स्वतः शिरा करून आणला होता त्यांनी. रात्री दुसरी मावशी ठेवायची म्हणजे १५-२० हजार महिना, ते त्यांनी वाचवले, एवढंच.

आणि चहाचं आज रात्रीच विचारा. "चहा का नको" असं विचारू नका, "इच्छा नाही" म्हणतील. "काल रात्री किती वाजता उठलात, कोण आलं होतं न्यायला, नाव काय त्याचं" असं विचारा. स्पीकरवर नको, आणि त्यांच्या खोलीत दुसरं कुणी असताना नको. नाव सांगता आलं तर निम्मं काम झालं. काय म्हणाले ते इथे लिहा, मी बघत असते.