मंदिरापासून एक वाजता निघायचं

प्रिय लीडर,

ऑक्टोबरचा पहिला रविवार, आठ जण, पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने हरिश्चंद्रगड, कोकणकडा बघून त्याच दिवशी परत. बेत छान आहे. फक्त यादीच्या शेवटी ‘कड्यावर सूर्यास्त’ असं लिहिलं आहेस, ते खोडून टाक.

का ते हिशोबाने बघ. त्या दिवसांत सूर्य साधारण सव्वासहा-साडेसहाला मावळतो. फोटो होईपर्यंत पावणेसात. कड्यापासून हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत अर्धा तास, तिथून पाचनईला उतरायला दोन तास, अंधारात अडीच. म्हणजे गाडीशी पावणेदहा. मग घाटरस्त्यांनी पुण्याला चार-पाच तास, आणि स्टिअरिंगवर पहाटेपासून चाललेला माणूस. ट्रेकमधला सगळ्यात मोठा धोका कड्यावर नसतो, परतीच्या गाडीत असतो. सूर्यास्त बघायचाच असेल तर मुक्कामाचा बेत कर, तो वेगळा ट्रेक आहे.

आणि सकाळी जाण्यात तोटा काहीच नाही. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समोर कोकणात उतरणारी दरी. दरीत धुकं भरलेलं असेल आणि मागून स्वच्छ ऊन आलं, तर तुमची सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची त्याबद्दलची नोंद १८३५ सालची आहे. संध्याकाळी सूर्य समोर येतो, तेव्हा ते दिसणं शक्यच नाही. सकाळीही हमी नाही, पण दिसलं तर सकाळीच दिसेल. सगळ्यांना हे सांग, पहाटे उठवायला उपयोगी पडतं.

शनिवारी संध्याकाळीच पाचनईत पोच. गावात राहायची-जेवायची सोय होते. किती जण येणार, पिठलं-भाकरी किती ताटं, हे आधी फोनवर सांगून ठेव. रात्री अकराला दार ठोठावून चूल पेटवायला लावू नकोस. रोख पैसे जवळ असू देत. ड्रायव्हरला दहाला झोपवायचं, गाण्यांच्या भेंड्या त्याच्यापासून लांब.

पहाटे साडेपाचला विजेरीच्या उजेडात निघा. अंधारात चढणं आणि अंधारात उतरणं एकसारखं नाही. चढताना पाय ताजे असतात, वजन पुढे असतं आणि उजेड वाढत जातो. उतरताना तिन्ही गोष्टी उलट. आठला मंदिर, पण तिथे रेंगाळू नका, सरळ कड्याकडे. पावणेनऊपर्यंत कडा. साडेअकराला कडा सोडायचा, बारा ते एक मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि डबे. एकला मंदिर सोडलं की सव्वातीनला गाव, चहा घेऊन चारला गाडी. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग चढून विजा कडाडू लागतात आणि माथ्यावर तुमच्यापेक्षा उंच फारसं काही नसतं, हेही एक वाजण्यामागचं कारण आहे. ही वेळ आधीच्या रात्री सगळ्यांसमोर ठरव. वर गेल्यावर ठरवायला गेलीस तर आठ मतं पडतील.

चालण्याची शिस्त साधी. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी सगळ्यात धीराचा. शेवटच्याच्या पाठीवर प्रथमोपचाराची पिशवी. जखमी माणूस नेहमी मागे राहिलेला असतो, पिशवी पुढे गेलेली असून उपयोग नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर घे. तो मागे असला की एक चूक हमखास होते: पुढचे थांबून दम खातात, तो पोचला की लगेच उठतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. पन्नास मिनिटं चाल, पाच मिनिटं थांबा. बोलता येईल इतकाच वेग.

पाचनईची वाट गडावरच्या वाटांत सोपी. तरी दोन जागा ध्यानात ठेव. पहिली, कातळाच्या पोटातून जाणारा आडवा टप्पा. वर कडा पुढे आलेला, बाजूला दरी आणि वरून ठिबकणारं पाणी. तिथे शेवाळाच्या हिरव्या-काळ्या डागांवर पाय ठेवायचा नाही. दुसरी, ओढा ओलांडायची जागा. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी बघ. गुडघ्याला लागणाऱ्या वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, दोरी-साखळी करून तर नाहीच. एक घसरला की साखळीच जाते. डोंगरातले ओढे पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत ओसरतात. थांबा, नाहीतर परत फिरा.

माथ्यावर ढोरवाटा खूप. धुक्यात त्या सगळ्या खऱ्या वाटतात. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घे आणि फोन विमान मोडवर टाक; रेंज शोधत बसला की बॅटरी दुपारपर्यंत संपते. कोणी ऐनवेळी ‘नळीच्या वाटेने उतरू’ म्हणालं तर नाही म्हण. ती उतरण्या-चढण्याची सवय असलेल्यांची, दिवसभराची वाट आहे.

आता कडा. तो आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणजे कडेला उभं राहून तुम्ही ज्याच्यावर उभे आहात त्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही. पावसाळ्यानंतर कडेचं गवत जमिनीसारखं दिसतं, पण त्याखाली माती सुटलेली असते. बघायचं तर पोटावर झोपून, सॅक मागे ठेवून, मागच्याने घोटे धरून, एका वेळी एकाने. कडेपासून दोन माणसांच्या लांबीवर एक रेघ ठरव, तिच्या पुढे उभं राहून फोटो नाही, सेल्फी तर अजिबात नाही. दरीतून वर येणारा वारा टोपी परत फेकतो म्हणून काही फेकून बघायची हुक्की येते. दगड कोणी टाकू नये, खाली वाटसरू असतात. अत्तर, डिओडरंट आणि धूर टाळा. कड्याकपारींत आग्या मोहोळं असतात. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कपड्याने झाकून लांब पळायचं, हात झाडायचे नाहीत आणि पळायची दिशा कडेकडची नाही.

केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं गार पाणी असतं. मधोमध शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. पाण्यात उतरणाऱ्याने बूट-मोजे बाहेर काढावेत आणि निघताना बोटांच्या बेचक्या नीट पुसाव्यात. ओल्या पायांवर मोजे चढवले की उतारावर फोड ठरलेला.

सामानाचं थोडक्यात. पाणी माणशी तीन लिटर, घरून. टाक्यांचं पाणी औषधाची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबूनच प्या. ओआरएसची दोन पाकिटं प्रत्येकी, एक लिटरचं पाकीट एक लिटरातच. घोटभर पाण्यात कालवलं तर उलटी होते. डब्यात पोळी-चटणीची गुंडाळी, उकडलेले बटाटे, चिक्की, खजूर, काकडी. वेफर्स नकोत, तहान वाढवतात आणि पिशव्या गडावर राहतात. रिकामी कॅरीबॅग तूच घे, तुझ्या मागे उरलेला कचरा शेवटचा माणूस उचलेल. बूट खोल नक्षीच्या रबरी तळाचे, आधी निदान दोन आठवडे वापरलेले. पायाची नखं दोन दिवस आधी कापायची. उतरताना बोटं पुढे आदळतात, म्हणून मंदिरापासून निघताना नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळायला लाव. विजेरी प्रत्येकाकडे, डोक्याला बांधायची. मोबाइलचा दिवा चालत नाही, त्यात एक हात अडकतो.

पाय मुरगळला तर चालवायचं असेल तोवर बूट काढू नकोस. सूज आली की तो पुन्हा चढत नाही. वरूनच क्रेप बँडेज आवळ, त्याची सॅक दोघांत वाट आणि त्याला काठी दे. माणूस उन्हात बडबडायला लागला, पाय अडखळायला लागले तर ते थकणं नाही. सावली, ओले कपडे, वारा, आणि लगेच मदत मागव. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. संकटाची खूण मिनिटाला सहा. फोन लागला तर ११२.

आणि घरच्या एका माणसाला कागदावर लिहून दे: वाट पाचनई, आठ नावं, गाडीचा नंबर, मुक्कामाच्या घरचा फोन. सहापर्यंत तुझा फोन आला नाही तर आधी त्या घरी विचारायचं, आठनंतर ११२. तू गाडीत बसलीस की पहिला फोन त्यालाच कर, रेंज राजूर किंवा कोतूळकडे मिळेल तिथून.