नावं पाठ करू नकोस, आधी प्रभार मोज

अरे, समन्वय संयुगाचं (मध्ये धातू, भोवती त्याला जोडलेले रेणू किंवा आयन) सूत्र दिसलं की लगेच नाव लिहायला बसतोस, तिथेच घोळ होतो. आधी चौकटी कंसाबाहेर काय आहे ते बघ. समजा कंसात एक कोबाल्ट, पाच अमोनिया, एक क्लोरीन आणि बाहेर दोन क्लोराइड. बाहेरचे उणे २, म्हणून कंसावर अधिक २. अमोनियाचा शून्य, आतल्या क्लोरीनचा उणे १. म्हणजे कोबाल्ट अधिक ३. आता नाव (यात अमोनियाला 'अमाइन' म्हणतात, आतल्या क्लोरीनला 'क्लोरिडो'): पेंटाअमाइनक्लोरिडोकोबाल्ट(III) क्लोराइड. शेवटी 'डायक्लोराइड' लिहायचा मोह होतो, मीही कितीदा लिहिलंय! बाहेरच्यांची संख्या नावात येत नाही, ती प्रभारावरून कळतेच.

लिगंडांचा, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणू-आयनांचा, क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार, पण 'पेंटा', 'डाय' वगैरे न मोजता. म्हणून अमाइन आधी, क्लोरिडो नंतर. जुन्या पुस्तकांत 'क्लोरो' दिसेल; आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००५च्या शिफारशींपासून 'क्लोरिडो'.

कंसावर ऋण प्रभार असेल तर धातूला 'एट' लागतं: लोखंडाचं फेरेट, तांब्याचं क्युप्रेट. इथे लॅटिन मुळं उगवतात, तेवढी चार-पाच मात्र पाठच कर. आणि इथिलीनडायअमाइनसारखे लिगंड दोन असतील तर त्यांच्यापुढे 'डाय' नाही, 'बिस' लाव. नाहीतर दोन 'डाय' एकमेकांत अडकतात.